मुकादम मावशीचा हात

शेडनेटच्या दारात आल्या की मुकादम मावशी आधी मानेवरचा पदर बाजूला सारायच्या, उगवतीकडे पाठ करायच्या आणि दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहायच्या. बरोबरच्या आठ बायकाही मागे गप्प उभ्या. मग मावशींचा निकाल यायचा. "आज फूल ऐकन." नाहीतर, "आज नाही ऐकत. चला, तण काढा." त्यावर अपील नव्हतं. माझे सासरे घरात कुणाचंच ऐकत नाहीत, पण मावशींनी तण काढा म्हटलं की तेही मुकाट खुरपी आणून द्यायचे.

आमच्या धाडच्या बाजूला, बुलढाणा जिल्ह्यात, मिरचीचं बियाणं करतात. खायची मिरची वेगळी आणि ही वेगळी. शेडनेटच्या, म्हणजे जाळीच्या मांडवाच्या, आत दोन जातींची झाडं असतात. एका जातीच्या कळीतला नर भाग आदल्या दिवशी चिमट्यानं काढून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचे पराग तिला बोटानं लावायचे. पराग एका प्लॅस्टिकच्या अंगठीत भरलेले असतात, ती अंगठी हातात घालूनच बाई ओळीत शिरते. लावून झालं की देठाला लाल धागा. याला आमच्याकडे सगळे क्रॉसिंग म्हणतात. आठवड्याभरात कळी गळाली नाही आणि धाग्याखाली हिरवी बारीक मिरची दिसली की फूल लागलं. मावशी मात्र 'लागलं' कधी म्हणायच्या नाहीत. त्यांच्या लेखी फूल ऐकायचं, किंवा ऐकायचं नाही.

मी मूळची शेगावची. वडिलांचं तिथं लॉज, म्हणजे भक्तांना गाद्या आणि गरम पाणी पुरवण्यात माझं बालपण गेलेलं. बी.एस्सी. झाले होते, तेही वनस्पतिशास्त्र घेऊन, त्यामुळे सासरी आल्यावर मला वाटलं, फुलांचं आपल्याला कोण शिकवणार? पहिल्या सकाळी मी वीस कळ्यांना पराग लावले आणि त्यातल्या पंधरा माझ्या हातातच मोडल्या. मावशी शेजारच्या ओळीतून बघत होत्या. त्या हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. एवढंच म्हणाल्या, "सूनबाई, तिचं नाक नको दाबू. तिले निस्ती हाक मार." मला परागण, बीजांड, सगळं पाठ होतं. हाक मारणं कुठल्याच धड्यात नव्हतं.

त्यांच्या हाताची पंचक्रोशीत ख्याती होती. त्यांनी शंभर धागे बांधले तर खाली पडलेले धागे वेचायला वाकावं लागत नसे, असं बायका सांगायच्या. दुसऱ्या गावचे नेटवाले त्यांना जीप पाठवून बोलवायचे. आणि गंमत म्हणजे स्वतः मावशींचा या 'हात लागतो' प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. क्रॉसिंग आमच्याकडे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धरतात. त्या दिवशी सासूबाई पहिल्या झाडाला हळदकुंकू वाहायच्या. मावशी बौद्ध, त्या तेवढा वेळ बाजूला होऊन अंगठ्या पुसत बसायच्या. सासूबाई एकदा म्हणाल्या, तुमच्या हाताला देणगी आहे, तुम्हीच पहिलं फूल धरा. मावशी म्हणाल्या, "हात-गीत काही नसते बाई. टाइम असते. बरोबर टाइमावर गेलं तं कोणाच्याही हातानं ऐकते." त्यांची मुलगी बुलढाण्याला नर्स आहे, तिला त्यांनी याच बोटांवर शिकवलं. देणगी म्हटलेलं त्यांना आवडत नसे, त्यांना ते कष्टांचा अपमान केल्यासारखं वाटायचं.

आता फुलांनी ऐकायचं सोडलं त्या सालाविषयी सांगायचं तर माझी अजूनही तारांबळ उडते. काय आधी आणि काय नंतर झालं ते मला माहीत आहे, पण कशामुळे काय झालं ते नीट सांगता येत नाही.

दसरा आला तरी पाऊस जाईना. नेटमध्ये चिखल. मग एक दिवस पाऊस असा थांबला, जसा कुणी नळ बंद केला, आणि दुसऱ्या दिवसापासून ऊन वैशाखासारखं. रात्रीही अंगावर पांघरूण नको. मावशी दारात उभ्या राहिल्या, पदर सारला, नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज ऐकन." आवाजात पहिल्यांदाच थोडी शंका होती, पण ती मला नंतर आठवली.

आठवड्याभरानं नेटमध्ये गेले तर झाडांखाली लाल धागेच धागे. कळ्या धाग्यांसकट गळून पडल्या होत्या. एवढा लाल रंग जमिनीवर मी कधी बघितला नव्हता. मावशींनी त्यातला एक धागा उचलला, गाठ बघितली, दुसरा उचलला. गाठी नीट होत्या. मग त्या पुढच्या ओळीत गेल्या.

आमचं बियाणं विकत घेणाऱ्या कंपनीचा साहेब मोटरसायकलवरून आला. त्यानं झाडं मोजली, तोंड वाकडं केलं, आणि सासऱ्यांना म्हणाला की पुढच्या वर्षी प्लॉट, म्हणजे बियाण्याचं काम, द्यायचा की नाही ते आता विचार करून ठरवावं लागेल. जाता जाता असंही म्हणाला, की तुमच्या मुकादम बाईंचं वय झालंय, हात थरथरत असेल, बदला. त्याला बिचाऱ्याला दुसरीकडेही जायचं होतं. सासरे मला म्हणाले, तूच सांग त्यांना, तुझं त्यांचं जमतं.

आणि मी सांगितलं. मी, बी.एस्सी. झालेली. मला लाज वाटते, पण खरं आहे ते लिहिते. मी विचारलं, मावशी, तुम्हाला अलीकडे नीट दिसतं ना? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बोटातली अंगठी काढली, आतले पराग झटकले, पदरानं ती पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. संगीता म्हणून एक तिशीतली चपळ बाई होती, मी ती अंगठी तिला दिली. मावशींनी खुरपं उचललं आणि त्या तण काढायला बसल्या. सगळ्या बायका त्या दिवशी खाली मान घालून काम करत होत्या.

पुढचे आठ दिवस मावशी आल्याच नाहीत. संगीताचा हात सुरेख चालत होता, मी रोज बघत होते. आठवड्यानं तिच्या ओळीत गेले तर तिथंही लाल धागे, आणि मावशींपेक्षा कमी मुळीच नव्हते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बुलढाण्याहून थर्मामीटर आणला आणि नेटच्या मधल्या पाइपाला टांगला. सकाळी नऊलाच आत इतकं तापायचं की मीच दोनदा जाऊन बघितलं, मोडका तर नाही ना. मिरचीचे पराग उन्हात मरतात, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेले होते. साहेबाला फोन केला. तो म्हणाला, "हो मॅडम, क्लायमेट चेंज आहे सगळीकडे," आणि हे त्यानं अशा सुरात सांगितलं, जसं कुणी सर्दी आहे सगळीकडे म्हणावं. मग हाताचं काय बोलला होतात, असं विचारायच्या आत त्याचा फोन कट झाला.

मी तशीच मावशींच्या घरी गेले. अंगणात त्या एका डालड्याच्या डब्यासमोर बसल्या होत्या. डब्यात मिरचीचं एकच झाड. डोळ्यांवर नवा चष्मा. हातात चिमटा. साहेबाचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं; आठ दिवस त्या या एकाच झाडावर हात तपासत होत्या, थरथर आहे का बघत होत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. सगळं सांगून टाकलं, थर्मामीटर, संगीताचे धागे, साहेबाचं ते क्लायमेट चेंज, पराग कसे मरतात ते. तुमचा हात चांगला आहे मावशी, हात चांगलाच होता, असं मी तीनदा म्हणाले. मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल.

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "पाऊस गेला नाही तेही त्याच्यामुळंच?" मी म्हटलं, हो, असं म्हणतात. "ऊन पडलं तेही?" हो. "मंग त्याच्यामुळं न झालेलं काय हाय, ते सांग." मी थोडंसं समुद्राचं, वाऱ्याचं बोलले, आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की हे मला निम्मंच समजलेलं आहे. सासरे तर म्हणतात की असलं ऊन त्यांच्या लहानपणीही एकदा पडलं होतं. तेही खोटं बोलत नसणार.

मावशींनी हातातला चिमटा डब्याच्या काठावर ठेवला. मग म्हणाल्या, "सूनबाई, हात बिघडला असता तं बरं होतं. हात सुधरवता येते. हे कोणी सुधरवावं?"

तरी दुसऱ्या दिवशी त्या आल्या. मी अंगठी पुढे केली, माफी मागितली, त्यांनी दोन्ही घेतलं आणि मोठी चर्चा केली नाही. कामाची वेळ मात्र त्यांनी बदलून टाकली. इतकी वर्षं साडेसातला येणाऱ्या बायका सहाला येऊ लागल्या, ऊन चढायच्या आत ओळी संपू लागल्या. फूल लवकर उठत असेल तर आपणही लवकर उठू, एवढं त्यांचं शास्त्र. आणि धागे टिकू लागले. सगळे नाही, पण बरेच. तो वेळेचा गुण होता, की मधे उन्हाचा जोर कमी झाला होता म्हणून, की खरंच तो हात होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. सासूबाईंचं मत पक्कं होतं. मावशींचंही होतं, नेमकं उलटं. त्या आठवड्यात मावशी जरा गुणगुणायच्याही, त्यामुळे मला कुणाचंच मत नको होतं.

कार्तिकातली ती सकाळ मला चांगली आठवते. हवा इतकी स्वच्छ, की धाडच्या बाजारातले भोंगे ऐकू येत होते. मावशींनी पदर सारला, क्षणभरच उभ्या राहिल्या आणि हसून म्हणाल्या, "आज तं सगळं ऐकन."

दुपारी तीनला आभाळ काळं झालं आणि गारा पडल्या. कार्तिकात. बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. अर्ध्या तासात नेट फाटून पाइपांवरून लोंबू लागलं. आम्ही दहाजणी पंपाच्या खोलीत एकमेकींना चिकटून उभ्या होतो. संगीताच्या खांद्याला लागलं होतं, मावशी तिथं ओला रुमाल धरून होत्या. गारा थांबल्यावर आम्ही बाहेर आलो. झाडं आडवी पडली होती आणि पांढऱ्या गारांमध्ये लाल धागे दिसत होते. एक बाई रडू लागली. मावशी रडल्या नाहीत. त्या सकाळी जिथं उभ्या राहिल्या होत्या त्या जागेकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सहाला त्या आल्या, काम नसतानाही. दारात, म्हणजे दार जिथं होतं तिथं, उभ्या राहिल्या. मानेवरचा पदर सारला. मी मागे उभी होते. खूप वेळ झाला. मग त्यांनी पदर परत मानेवर ओढून घेतला. "नाही समजत मले," त्या म्हणाल्या. "पहिले समजे."

मी त्यांना कितीतरी वेळा चिडवलं होतं, हवामान खात्यानं तुम्हालाच नेमायला पाहिजे म्हणून. त्या दिवशी त्यांच्याबरोबर नुसती उभी राहिले.

महिन्याभरात त्या बुलढाण्याला मुलीकडे राहायला गेल्या. एसटीत बसताना डालड्याचा डबा मांडीवर होता. झाडाला एक मिरची होती, देठाला लाल धागा. मी विचारलं, हे फूल ऐकलं म्हणायचं का? त्या म्हणाल्या, "हिनं ऐकलं. हिच्यावर सावली होती घराची." गाडी सुटली तेव्हा मला आईला सोडल्यासारखं वाटलं, आणि हे मी माझ्या आईलाही सांगितलं आहे.

नेट आम्ही पुन्हा उभारलं. कंपनीनं प्लॉट दिला, अर्धा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा मुहूर्त आता आम्ही पाळत नाही, पण त्याऐवजी कुठला दिवस धरायचा हे कुणालाच ठरवता येत नाही. मोबाइलवर एक सांगतात, साहेब दुसरं सांगतो, सासरे तिसरं, आणि तिघांचंही एखाद्या दिवशी खरं होतं. थर्मामीटर मी रोज बघते. तो आत्ता किती तापलंय ते बरोबर सांगतो, उद्याचं नाही.

सकाळी सहाला नेटच्या दारात उभी असते तेव्हा मावशींचा फोन येतो. एकही दिवस चुकत नाही. त्या विचारतात, "आज ऐकन का फूल?" मागे आठ बायका माझ्या तोंडाकडे बघत थांबलेल्या असतात. मी मानेवरचा पदर सारून बघते. वारा लागतो, थंड आहे की कोमट तेवढं कळतं, पुढचं काही कळत नाही.

परवा न राहवून मी म्हणाले, "मावशी, तुम्ही इथं असता तर कळलं असतं."

"नसतं समजलं," त्या म्हणाल्या. "पण दोघीले मिळून नसतं समजलं. ते बरं राहते, सूनबाई. एकटीले न समजणं लय वाईट."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तसाच कानाला धरून मी बायकांना म्हणाले, चला, अंगठ्या घ्या, आणि आम्ही आत गेलो.