आप्पांचे दोन देव

आमच्या आप्पांनी जन्मात कशाला नशीब म्हटलं नाही. लाइट गेली, एसटी चुकली, पायात काटा मोडला, की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "हे थोरल्याचं काम न्हाई. धाकट्याचं हाय." एखादा नवखा विचारायचा, "कोण धाकटा?" झालं! त्याचा तासभर गेलाच म्हणून समजा.

आप्पा माझे सख्खे काका. हायस्कुलात इतिहास शिकवला, लग्न केलं नाही, कुरुंद्याला आमच्याच घरी राहिले. निवृत्त माणसं शेत बघतात, नातवंडं खेळवतात. आमच्या आप्पांना मोबाइलवर नॉस्टिक सापडले, म्हणजे ज्ञानवादी! ख्रिस्तानंतरच्या पहिल्या दोन-तीन शतकांतली, इजिप्त-सीरियाकडची ही माणसं. त्यांचं म्हणणं असं, की खरा देव, म्हणजे आप्पांचा थोरला, लांब कुठंतरी उजेडात असतो. त्या उजेडातून निघालेल्या प्रज्ञा नावाच्या शक्तीनं कुणाला न विचारता एक लेकरू जन्माला घातलं. ते निघालं आंधळं आणि गर्विष्ठ. तोच धाकटा. त्यानं हे जग केलं आणि आपणच एकटे देव अशी दवंडी पिटली. थोरल्याच्या उजेडाची ठिणगी मात्र माणसाच्या शरीरात अडकून पडली. नुसत्या श्रद्धेनं ती सुटत नाही, आपण कोण हे आतून कळावं लागतं.

आई कपाळाला हात लावायची. "भाऊजी, आपल्या धम्मात एकबी देव न्हाई. तुमी दोन-दोन काहून आणून राहिले घरात?"

पण ऐकतील ते आप्पा कसले! पौर्णिमेला विहारात वंदना संपली रे संपली, की हे उभे. नॉस्टिकांच्या पोथ्यांत काय काय आहे ते सांगायचे. कुठं कोड्यासारखी वचनं, कुठं एकेक आकाश ओलांडत घरी निघालेला जीव. चर्चनं त्या पाखंडी ठरवल्या, मग कुणीतरी रांजणात घालून पुरल्या. दीडेक हजार वर्षांनी खताची माती खणताना शेतकऱ्यांना तो रांजण सापडला. "आन् त्यातली काही पानं एका बाईनं चुलीत घातली म्हणतात!" इथं आप्पा चष्मा काढून पुसायचे. मागं बसलेल्या बायकांना घरी जाऊन भाकरी टाकायच्या असायच्या. एकदा आई भर सभेत म्हणाली, "बराबर केलं त्या बाईनं."

इथवर हसण्यावारी नेलं. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करा, उशीर करू नका. आप्पा म्हणाले, "शरीर म्हणजे धाकट्याचा कोंडवाडा. त्याची डागडुजी कशाला?"

असा संताप आला म्हणून सांगू! दर रविवारी मी हिंगोलीहून एसटीनं यायची ती भांडायलाच. आई ताट आपटायची. हे आपले शांतपणे वरणात भाकरी चुरायचे.

"ठिणगीला मरण न्हाई, वहिनी."

"मग इतकी वर्षं मी भाकरी कुणाला घालून राहिले? ठिणगीला?"

शेवटी अंगणात हळद शिजत होती त्या दिवशी माझा तोल सुटला. मी ओरडले, "आप्पा, कोंडवाडा पडला तर आतलं जनावर सुटत नाही, दबून मरतं! आपण कोण ते कळलंय का तुम्हाला अजून? नाही ना? मग कळेपर्यंत तरी जगा!"

त्यांनी कढईखालचं लाकूड आत सारलं. मग हळूच म्हणाले, "हे बराबर हाय, पोरी. अजून न्हाई कळलं." आणि उठता उठता, "एवढी हळद वाळू दे. मग जाऊ नांदेडला."

आईनं त्याच संध्याकाळी दवाखान्याची पिशवी भरली. दोन सदरे, टॉवेल, चष्म्याचं घर, मोबाइलचा चार्जर. "तिथं डॉक्टरला पिडू नका म्हणावं," असं पुटपुटत होती, पण चेहरा उजळला होता.

हळद वाळलीच नाही. त्याआधीच एका दुपारी उन्हात पसरलेली ती पायानं परतता परतता आप्पा खाली बसले, ते उठले नाहीत.

घर माणसांनी भरलं. शेजारच्या काकूंनी आईचा हात धरला आणि म्हणाल्या, "देवाची मर्जी, बाई."

मला वाटलं, आता आई म्हणणार, आमच्यात देव न्हाई. ती कोपऱ्यातल्या भरलेल्या पिशवीकडे बघत होती.

"थोरल्याची नसंल," ती म्हणाली. "हे त्या मेल्या धाकट्याचंच काम."