खळीतलं झाड

सत्तावन्न-अठ्ठावन्न साली लग्न होऊन मी अमरावतीहून अकोल्याला आले. हे शाळेत शिकवत, घरी जुनी पुस्तकं बांधत, माझ्याशी मात्र जेमतेम बोलत. मी यांना आवडलेच नाही, असं मला वाटू लागलं होतं.

एकदा काचेवर पसरलेल्या मैद्याच्या खळीवर माझ्या हातून कागद पडला. मी तो ओढू लागले.

“काहून घाई करून राहिली? हळू काढ,” हे म्हणाले.

कागद सुटत गेला, तशी मऊ खळ काचेवर बोटांसारखी फुटत गेली. फांद्याच फांद्या.

“झाड उगवलं,” मी म्हणाले.

“तुया माहेरची बाभूळ दिसते. काटे आहेत ना.”

मला हसू आलं. मग त्यांनी स्वतःच दुसरा कागद चिकटवला. त्या संध्याकाळी एकही पुस्तक बांधून झालं नाही.

परवा, इतक्या वर्षांनी, त्यांनी बांधलेल्या एका पुस्तकात दोन पानं चिकटलेली निघाली. मी ती हळू सोडवली.