हंगेरीची शहरं पाठ केली तेव्हा
चक्कीवरून तिखट दळून आणलं की घरभर ठसका उठतो आणि मला हंगेरीतलं सेगेड आठवतं, कारण तेही लाल मिरचीसाठीच प्रसिद्ध आहे. सहा वर्षांपूर्वी लेकीला तिकडे डॉक्टरी शिकायला जायचं होतं. व्हिसाच्या मुलाखतीत त्या देशाबद्दल विचारतील, म्हणून मी तिच्याकडून तिथली मोठी शहरं लोकसंख्येच्या क्रमानं पाढ्यांसारखी पाठ करून घेतली: बुडापेस्ट सुमारे सतरा लाख, गरम पाण्याचे झरे, डेब्रेत्सेन दोन लाख, जुनं विद्यापीठ, मग सेगेड. "इतक्या दूर जाऊन मिरचीच खायची, त आपली काय वाईट हाये?" असं म्हणून बायको हसायची. मुलाखत देऊन दिल्लीहून घरी परतताना यवतमाळच्या अलीकडचं कळंब मागे पडलं. मग लेक म्हणाली, "बाबा, शहरं विचारलीच नाई त्या साहेबानं. शिकून झाल्यावर यवतमाळले परत काहून येशील, एवढंच विचारलं." "मंग तू काय सांगतलं?" "मले काईच सुचलं नाई." पंधरा दिवसांनी, ती परत येईल असं वाटत नाही, या कारणानं व्हिसाला नकार आला. आता ती इथेच एका दवाखान्यात पेशंटच्या चिठ्ठ्या करते. एवढी तयारी करून घेतली, पण ती इथे परत का येईल, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.