कुत्र्याची छत्री म्हणून हिणवलेली अळिंबी

सणसरच्या राजलक्ष्मीनं गव्हाच्या काडावर अळिंबी पिकवली आणि सासूला, द्वारकाबाईंना, सोबत घेऊन बारामतीच्या आठवडी बाजारात दुकान मांडलं. दुपार झाली तरी एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. त्यात शेजारचा कांदेवाला ओरडला, "ही तर कुत्र्याची छत्री! विष हाय हे. उचल हितनं, न्हायतर फेकून देतो."

बघता बघता गर्दी जमली. राजलक्ष्मीनं सोबत आणलेला स्टोव्ह पेटवला, अळिंबी तेलामिठात परतली आणि सगळ्यांसमोर खाल्ली.

"आजकालच्या पोरी काय बी खात्यात," कांदेवाला म्हणाला.

तशा द्वारकाबाई पुढं सरकल्या. त्यांनी ही अळिंबी कधी घरच्या चुलीपाशी येऊ दिली नव्हती.

"आत्याबाई, तुमी नगा खाऊ," राजलक्ष्मी घाबरून म्हणाली. म्हातारीला साधं मळमळलं असतं, तरी सगळा धंदा बुडाला असता.

द्वारकाबाईंनी डोळे मिटून घास चावला आणि गिळला. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"मटणावानी लागतंय," त्या म्हणाल्या.

तरीही त्या दिवशी कुणी काही घेतलं नाही. पुढच्या बाजारी मात्र माणसं आधी द्वारकाबाई धडधाकट आहेत का ते बघायला आली, आणि जाताना पाव-पाव किलो घेऊन गेली.