वाघोबाच्या चढावर नवा पंप

देव माझ्यावर कोपला आहे, असं त्या वर्षी अख्ख्या गावाने ठरवून टाकलं होतं. मला ते पटत नव्हतं. आमच्या गावातून टोकावड्याकडे जायला निघालं की एक लांब चढ लागतो, चढाच्या माथ्यावर वाघोबाचा दगड आहे, आणि आमची डिझेलची पिकअप नेमकी त्या दगडाच्या आसपास येऊन बंद पडायची. माझे यजमान साध्या तापाचं निमित्त होऊन गेले होते. ते होते तोवर प्रत्येक खेपेला वाघोबासमोर थांबून नारळ फोडायचे. पुढे गाडी मी हातात घेतली आणि नारळ बंद केला. लोकांनी या दोन्ही गोष्टींची गाठ मारली आणि मोकळे झाले. बाईने गाडी चालवायची, वर देवाला नारळही द्यायचा नाही, मग वाघोबा वाट कशी सोडेल?

नारळ मी विसरून बंद केला नव्हता. त्या दगडासमोर उभी राहून मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की ज्याच्या हातचं इतकी वर्षं खाल्लंस त्याला तू सांभाळलं नाहीस, आता माझ्याकडून कशाची आशा करतोस. देवाशी भांडणारी बाई देवाला मानतेच, असं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशीही भांडले असते. माझ्या धाकट्या दिराचं म्हणणं होतं की गाडी विकून टाकावी. मुरबाडचा एक माणूस घ्यायला तयार होता. दीर माणूस वाईट नाहीत, पण चार लोकांचं बोलणं त्यांना फार लवकर लागतं. शेवटी आमचं असं ठरलं की म्हशाच्या जत्रेला वाडीतल्या बायकांची सुपं आणि टोपल्या मी गाडीतून न्यायच्या. गाडी नीट पोचली तर ती माझ्याकडे राहील, वाटेत बसली तर तो मुरबाडचा माणूस तिथेच जत्रेत येऊन सौदा करेल. मी हो म्हटलं.

गाडीचं दुखणं मला ठाऊक होतं, निदान मला तसं वाटत होतं. टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाला पाजणारा जो छोटा फीड पंप असतो, तो खालून गळत होता. त्याच्या आतला पडदा फाटला की तो डिझेलच्या जागी हवा ओढायला लागतो, सपाटीवर कसाबसा निभावतो आणि चढावर दम टाकतो. यजमानांनी मला माळावर गाडी शिकवली तेव्हा हेही शिकवलं होतं. तेव्हा जुना पंप काढून घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि एसटीने किन्हवलीवरून शहापूरला गेले. हायवेवर ट्रकवाल्यांची वर्दळ, त्यामुळे तिथे सामानाची दुकानं चांगली. पिशवीतून डिझेलचा वास येत होता आणि कंडक्टर वाटभर नाक मुरडत होता. मी खिडकीजवळची जागा काही सोडली नाही.

दुकानदाराने माझ्यासमोर तीन पंप ठेवले. एक नवा, नुसता चकचकीत, कुठल्या कंपनीचा ते नाव नसलेला. दुसरा जुनाच, नवा पडदा घालून रंगवलेला. तिसरा कंपनीचा, पण धूळ बसलेल्या खोक्यातला, बघून घ्यावासा न वाटणारा. दुकानदाराचा सगळा ओढा चकचकीतकडे. मी माझा पंप काढून शेजारी ठेवला आणि तिघांचे दांडे त्याच्याशी जुळवून पाहिले. चकचकीतचा दांडा थोडा आखूड होता, तो आतून नीट हललाच नसता. मग उरलेल्या दोघांच्या ओढायच्या तोंडावर बोट ठेवून दांडा हलवून बघितला. रंगवलेल्याने बोट धरलं आणि लगेच सोडलं. धुळीतल्याने असं घट्ट धरलं की बोट ओढून काढावं लागलं. दुकानदार म्हणाला, बाई, एकदा मालकाला घेऊन या, त्यांना समजतं. मी म्हटलं, "मालक मीच हाय. तो धुळीतला बांधून द्या." येताना एसटीत तो पंप मी मांडीवर घेऊन बसले होते. खूप दिवसांनी मला माझा अभिमान वाटला.

टोकावड्याच्या मिस्त्रीने घरी येऊन पंप बसवला, मी कॅनमधलं डिझेल ओतून टाकी काठोकाठ भरली. आता राहिली पूजा. आमच्याकडे गाडीला नवीन वस्तू बसवली की तिला देवाचा शेंदूर लावायची पद्धत आहे, टायर असो की बॅटरी. मी सासूबाईंना सांगितलं की या वेळी काही नको. त्या माझ्याबरोबर राहतात, कमी बोलतात, मुलाच्या मागे माझाच त्यांना आधार आणि माझीच त्यांना धास्ती. त्यांनी मान डोलावली. सकाळी मी आंघोळ करून येते तर बॉनेटवर, चाकांवर आणि डिझेलच्या टाकीच्या झाकणावर तेलात कालवलेला शेंदूर बोट बोट जाड लावलेला. पंप इंजिनाच्या कुशीत, तिथे त्यांचा हात पोचेना, म्हणून त्यांनी झाकणाला लावला होता. तो शेंदूरही वाघोबाच्याच पायथ्याचा. मी बघितलं, राग गिळला आणि जत्रेआधी चढावर एक फेरी मारून बघायला गाडी काढली.

गाडी वाघोबाच्या चढावर बंद पडली. नवा पंप, भरलेली टाकी, आणि इंजिन दोन आचके देऊन गप्प. पंपाचा दांडा हाताने मारून बघितला तर डिझेल पुढे येईना. बऱ्याच वेळाने किल्ली फिरवली तर गाडी सुरू झाली, तशी वळवून घरी आणली. गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. पंप पुन्हा उतरवून बोट लावून पाहिला. तो आधीसारखाच बोट घट्ट धरत होता, त्याच्यात काहीच खोट नव्हती. खरं सांगते, त्या क्षणी मी हादरले. पंप खराब निघाला असता तर मला बरं वाटलं असतं. आता माझ्याकडे दोष द्यायला वस्तूच उरली नाही, आणि लोक म्हणतात तोच एक उरला.

जत्रेच्या दिवशी तरीही गाडी भरली. मागे टोपल्यांचा ढीग, शेजारी सासूबाई. दीर पहाटेच्या एसटीने पुढे गेले होते. चढ आला, माथा आला, आणि गाडी त्याच जागी थांबली. मी खाली उतरले आणि वाघोबासमोर जाऊन उभी राहिले. हात जोडले नाहीत. त्याला म्हटलं, मला जेवढं समजतं तेवढं सगळं करून झालं. तुला अडवायचं असेल तर अडव, पण गाडी मी विकणार नाही, बैल जुंपून ओढत नेईन. एवढं बोलले आणि रडू फुटलं. राग आणि रडू एकाच घशातून येतं हे त्या दिवशी समजलं.

तेवढ्यात मागून एक म्हातारा बैल घेऊन आला. डोंगराकडच्या वाडीतला असावा. बैल लंगडत होता, त्याच्या खुरात किडे पडले होते. म्हातारा बंद गाडीकडे बघून म्हणाला, "बाय, चिंधीभर डिझेल देशील का गो? खुराला लावतो, किडे मरतील." म्हणजे माझी गाडी डिझेलवाचून तडफडते आहे आणि हा माझ्याकडेच डिझेल मागतो. मला संताप यायला हवा होता. पण त्याला काय माहीत? आणि त्या बैलाचा पाय बघवत नव्हता. विकत घ्यायला माणूस येईलच, तोवर हे डिझेल माझं आहे, असा काहीसा विचार करून मी टाकीचं झाकण फिरवलं. ते हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा सुटलं, आणि टाकीने सूं करून मोठा श्वास आत ओढला.

मी झाकण उलटसुलट करून बघितलं. टाकीच्या झाकणाला वारा आत जायला सुईएवढं भोक असतं. डिझेल जसं संपतं तशी त्या भोकातून हवा आत येते, नाही तर पंपाने कितीही ओढलं तरी टाकी सोडत नाही. ते भोक शेंदराने गच्च लिंपलं होतं. आधी गाडी बंद पडायची ती फाटक्या पंपाने, आणि आता शेंदराने. पंप मी बरोबर निवडला होता. म्हाताऱ्याला काठीला चिंधी बांधून भरपूर डिझेल दिलं, त्याने बैलाच्या खुराला लावलं आणि तो सावकाश पुढे गेला. साडीच्या पिनेने भोक मोकळं केलं, पंप मारला, किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं.

सासूबाई सगळं बघत होत्या. त्या गाडीतून उतरून दगडाजवळ जाऊन बसल्या. कंबरेच्या पिशवीत शेंदराची डबी होती, ती काढून त्या देवाला परत करायला निघाल्या. "माज्याच हातानं झालं गो," म्हणाल्या. मी जाऊन त्यांचा हात धरला. "आये, शेंदूर लावायचाच ना, मग झाकणाला नको. मला लावा." त्या माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या. "आपल्याला चालत नाय," त्या म्हणाल्या. आम्ही दोघीही विधवा, तेव्हा त्यांचं आपल्याला म्हणणं दोघींसाठी होतं. मी वाघोबाकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "त्याला चालत नसल तर त्यानं सांगावं. इंजिन चालू हाय." इंजिन चालूच राहिलं. त्यांनी बोटाने माझ्या कपाळावर शेंदूर ओढला. मग मी डबी घेतली आणि त्यांना लावला.

तो म्हातारा कोण होता यावरून मी कुणाशी वाद घालत नाही. लंगड्या बैलाचा मालक होता, आणि त्याने मागितल्याशिवाय मी ते झाकण उघडलं नसतं, एवढंच मला माहीत आहे. माझं सगळं शहाणपण पंपात अडकलं होतं, आणि गावाचं सगळं भय नारळात. मी देवाची क्षमा मागितली नाही, त्यानेही मागितली नाही. पण त्या दिवसापासून आमचा अबोला संपला. जेवढं माझ्या हाताला समजतं तेवढं मी करते, कुणाला भिऊन करत नाही, आणि त्याच्यापुढचं त्याच्यावर टाकून गाडी पुढे काढते. याला शरण जाणं म्हणत असतील तर मी शरण गेले आहे. त्याने मला मान खाली घालायला लावली नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

म्हशाला पोचलो तेव्हा बैलांच्या बाजाराने माळ भरला होता. दीर आणि तो मुरबाडचा माणूस वाटेवरच उभे होते. मी आणि सासूबाई, दोघी कपाळाला शेंदूर लावून उतरलो. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या, दिरांनीही बघितलं. त्या माणसाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि बोलणं काढलं. दीर त्याला म्हणाले, "गाडी द्यायची नाय. वयनीची हाय ती." मग त्यांनी मागचा फाळका खाली सोडला आणि टोपल्या उतरवायला लागले.