भातलावणीचं यंत्र आणि आमची सावड

आमच्या गोठ्याशेजारच्या पडवीत भातलावणीचं यंत्र उभं आहे. ताडपत्री घातलेलं, अजून नवं कोरं. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ पडते, एवढंच त्याचं काम. नवऱ्याला निवृत्तीनंतर मिळालेल्या फंडातला मोठा घास या यंत्रानं खाल्ला. तरी त्याच्याकडे बघून मला राग येत नाही, हे आधीच सांगून टाकते.

नवरा पिरंगुटच्या एका कारखान्यात जन्मभर मशिनवर होता, त्यामुळे जगातलं कुठलंही काम मशिननं होतं अशी त्याची खात्री. कृषी प्रदर्शनात त्यानं हे यंत्र चालताना पाहिलं. सपाट, लांबलचक वावरात ते सरळ रेघेत भात लावत गेलं आणि हा भुलला. आमची खाचरं ताम्हिणीच्या वाटेवर, डोंगरउताराला एकाखाली एक, काही तर घरातल्या ओटीएवढी. हे ना त्याच्या ध्यानात आलं ना माझ्या. खरं तर मलाही दिवसभर वाकण्यातून सुटका हवी होती, म्हणून मी डोळे मिटून हो म्हटलं.

त्याहून मोठी चूक माझी एकटीची. आमच्याकडे लावणी सावडीनं होते. आज सगळ्या बायका तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. मजुरी कुणी देत नाही, कुणी घेत नाही. कुणाचा दिवस कधी, ते वरच्या आळीतल्या आत्या ठरवतात. मी त्यांच्या दारात जाऊन ऐटीत सांगितलं, "आत्या, औंदा मला धरू नका. आमी मशिन आणलंय."

आत्या तांदूळ निवडत होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या.

लावणीच्या दिवशी यंत्र पहिल्या खाचरात उतरलं, त्यानं चार ओळी झोकात लावल्या आणि बांधाला जाऊन टेकलं. वळायला जागाच नाही. नवऱ्यानं आणि तीन शेजाऱ्यांनी ते उचलून फिरवलं. पुन्हा चार ओळी, पुन्हा उचल. खालच्या खाचरात नेताना ते चिखलात असं रुतलं की बाहेर काढेस्तोवर दुपार झाली. शेजारी हात धुऊन आपापल्या कामाला गेले. नवरा बांधावर बसला. "प्रदर्शनात तर चाललं हुतं," असं दोनदा म्हणाला. त्याला बोलायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्याचं तोंड बघून मी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

सावडीचा तो तिसरा दिवस, ती पलीकडच्या खाचरात चालली होती. बायका वाकून लावत होत्या, मधेच कुणी काही बोललं की सगळ्या हसत. लग्न होऊन आल्यापासून ते हसणं मी बाहेरून कधी ऐकलंच नव्हतं. इकडे यंत्रासाठी ट्रेमध्ये वाढवलेली रोपं पिवळी पडायला लागली होती, चार-सहा दिवसांत लागली नसती तर वर्षाचा भात गेला असता. पण मला खात होतं ते वेगळंच. मी माझ्या तोंडानं सावडीतून बाहेर पडले होते. आता कुठल्या तोंडानं परत जायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतला आणि कुणी न बोलावता सावड जिथे होती तिथे गेले. खाचराच्या अगदी कडेला उभी राहिले, रोपांची एक मूठ उचलली आणि लावायला लागले. मान वर करायची हिंमत नव्हती.

थोड्या वेळानं आत्यांनी वाकल्यावाकल्याच हाक मारली. "तितं कुटं कडंला उबी ऱ्हायलीस?"

"हितं बरं हाय, आत्या."

"काय बरं हाय? तुजी जागा हितं हाय, माज्या डाव्या अंगाला. आन तुजा दिस परवा धरलाय."

मी मान वर केली. आत्या आणि त्यांची सून यांच्यामध्ये बरोबर एका बाईएवढी जागा मोकळी होती. चार दिवस त्या दोघी हात लांब करकरून तिथली रोपं लावत होत्या, पण एकमेकींकडे सरकल्या नव्हत्या. मी चिखल तुडवत जाऊन त्यांच्यामध्ये उभी राहिले आणि माझा जीव भांड्यात पडला.