पतसंस्थेच्या सर्व्हरचा दारवान

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. पण आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरवाल्याइतका संशयी आणि तितकाच प्रेमळ माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल, हे कुणीतरी सांगायलाच हवं.

सर्व्हरला पोर्ट नावाची पुष्कळ दारं असतात आणि कोणत्या दारानं कुणाला आत घ्यायचं याचे नियम फायरवॉलमध्ये लिहावे लागतात, एवढं मला त्याच्यामुळेच कळलं. धरणगावचा हा गडी आधी सगळी दारं लावून घेई आणि एखादं उघडताना मुलीला स्थळ पाहावं तशी चौकशी करी. "कोन शे तो? कुठून येणार? काम झाल्यावर जाणार कधी?" सॉफ्टवेअरवाल्या इंजिनिअरनं एकदा फोनवर "ठेवा ना सगळ्यांसाठी उघडं" म्हटलं, तेव्हा "बठ्ठास्ले? सगळ्यांना?" असं ओरडून तो पाणी प्यायला गेला. लग्नातसुद्धा पंगतीला बसण्याआधी मंगल कार्यालयाचं मागचं दार पाहून येई. एकदा धुळ्याला सासुरवाडीत बसून त्यानं नियम लिहिला आणि ज्या दारानं स्वतः सर्व्हरमध्ये शिरला होता तेच बंद केलं. दुरून शिरायची वाटच उरली नाही, म्हणून भरल्या ताटावरून उठून बसनं जळगावला संस्थेचं ऑफिस गाठलं.

मी म्हटलं, "काय रे, स्वतःलाच हाकललंस?"

तर खूश होऊन म्हणाला, "आबा, नियम पक्का निघाला! मलापण घेतलं नाही!"

मी तिथला व्यवस्थापक. घरबसल्या संस्थेचं काम पाहायची मला हौस आली. त्याला सांगितलं तर माझीही चौकशी होणार, म्हणून तो रजेवर असताना त्या इंजिनिअरकडून एक दार उघडून घेतलं. सगळ्यांसाठी. आठवडाही झाला नसेल, कुणीतरी त्यातून शिरलं आणि सगळ्या फायलींना कुलूप लावून पैसे मागत बसलं. "सर्व्हर कोणाकडे?" संचालकांनी विचारलं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मीही बघितलं. त्याला मशीनला हातसुद्धा लावू न देता घरी पाठवलं.

गेल्या हिवाळ्यात तो धुळ्याच्या बसस्थानकावर भेटला. केस पिकलेले. मला चहा पाजला, गुडघ्यांची विचारपूस केली. मग पुढे वाकून म्हणाला, "आबा, नोकरीचं जाऊ द्या. पण तो शिरला कुठून? मी तर सगळी दारं लावून गेलो होतो!" आवाजात राग नव्हता, नुसती उत्सुकता होती.

"मी उघडलं रे, मला माफ कर," एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात जळगावची गाडी लागली. त्यानं माझी पिशवी उचलली, गर्दीतून वाट काढून मला जागेवर बसवलं आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. मी काच सरकवली, तोंड उघडलं आणि म्हणालो, "जपून जा हं."